रिपोर्ट नॉर्मल, तरी अंग दुखतं

नागपूर-वर्धा लोहमार्गावर बोरखेडी आणि तुळजापूर यांच्यामध्ये सिंदी (रेल्वे) लागतं. सेलू तालुक्यातलं नगरपरिषदेचं गाव. भोवती कपाशी, सोयाबीन आणि तुरीची शेतं. गावच्या डॉक्टरांच्या औषधानं दुखणं आवरलं नाही, तर इथल्या माणसाला दोन वाटा असतात. एकीकडे नागपूर, दुसरीकडे सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा सावंगी (मेघे) इथलं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय. कारण न सापडणाऱ्या अंगदुखीचा रुग्ण बरेचदा दोन्हीकडे जाऊन आलेला असतो. पिशवीत एक्स-रे असतात, रक्ताचे कागद असतात, कधी उसनवारी करून काढलेला एमआरआयही असतो. आणि सगळ्यांवर शेरा एकच: नॉर्मल.

त्यानंतर खरा त्रास सुरू होतो. "डॉक्टर म्हनते काहीच नाही, मंग दुखते कायले?" हा प्रश्न नवरा विचारतो, सासू विचारते, आणि काही महिन्यांनी ती बाई स्वतःलाच विचारू लागते. अंग ठणकतंय हे तिला ठाऊक आहे. रात्रभर झोपूनही सकाळी थकवा तसाच असतो. भाजीत मीठ घातलं की नाही हे आठवत नाही, ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येत नाही. कागद मात्र तिच्या बाजूनं बोलत नाहीत. अशा वेळी ती दोन गोष्टींपैकी एक करते: दुखणं लपवून मरमर काम करते, नाहीतर एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात फिरत राहते.

या दुखण्याला फायब्रोमायल्जिया हे नाव आहे. तीन महिन्यांहून अधिक काळ अंगभर पसरलेलं दुखणं, न भागणारी झोप, थकवा आणि मंदावलेलं लक्ष ही त्याची लक्षणं. डोकेदुखी, पोट बिघडणं, हातापायांना मुंग्या, मोठा आवाज किंवा उग्र वास सहन न होणं हीसुद्धा बरेचदा सोबत असतात. जगभरातल्या पाहण्यांचा अंदाज धरला, तर शंभरात दोन ते चार माणसांना हा आजार असतो. दहा हजार वस्तीच्या गावात कमीत कमी दोनशे माणसं म्हणा. दवाखान्यात येणाऱ्यांत बायकांची संख्या जास्त दिसते. पुरुषांनाही तो होतो, पण "अंग दुखतं" म्हणून दवाखान्याची पायरी चढणारा पुरुष दुर्मीळ.

फायब्रोमायल्जियामुळे सांधे वाकडे होत नाहीत, स्नायू झिजत नाहीत आणि जीव जात नाही. हे वाक्य प्रत्येक रुग्णाला पहिल्याच भेटीत, त्याच्या डोळ्यांत बघून सांगितलं गेलं पाहिजे. पुष्कळांच्या मनात "पुढं अपंग होईन का" ही भीती घर करून असते आणि ती दुखणं वाढवते.

कागदावर का दिसत नाही

दुखणं हे शरीराचं राखण करणारं काम आहे. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या आसपासच्या शेतांत रात्री जागल करावी लागते, हे सेलू तालुक्यात कोणाला सांगायला नको. मचाणावर बसलेला जागल्या रानडुकरांचा कळप आला की ओरडतो, रोही शिरले की डबा वाजवतो. त्याचं ओरडणं योग्यच असतं. पण हाच जागल्या कित्येक रात्री झोपलेला नसेल, दोनदा डुकरांनी त्याच्या अंगावर धाव घेतली असेल, तर पुढं पुढं वाऱ्यानं पान हललं तरी तो डबा वाजवू लागतो. शेत शाबूत असतं, कुंपण धड असतं, आणि तरीही रात्रभर गलका चालू राहतो. फायब्रोमायल्जियात मज्जासंस्थेचं असंच झालेलं असतं. स्नायू आणि सांधे ठीक असतात, राखण करणारी यंत्रणा मात्र अति जागी झालेली असते. म्हणून शेताचा फोटो काढला तर तो नॉर्मल येतो. गलका मात्र खराच असतो.

ही नुसती कल्पना नाही. २००२ साली अमेरिकेतल्या रिचर्ड ग्रेसली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या आणि निरोगी माणसांच्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब दिला आणि त्याच वेळी मेंदूचं चित्रण केलं. निरोगी माणसाला जेवढं दुखायला जितका दाब लागला, त्याच्या निम्म्याहून थोड्या जास्त दाबालाच रुग्णांना तेवढं दुखलं. त्या वेळी त्यांच्या मेंदूतले वेदनेचे भागही तसेच जागे झालेले दिसले. म्हणजे ढोंग नव्हतं. मेंदू खरोखरच वेदना नोंदवत होता. त्याआधी, पाठीच्या कण्यातल्या पाण्यात वेदनेचा संदेश वाहणारं 'सबस्टन्स पी' नावाचं द्रव्य या रुग्णांत सुमारे तिप्पट असल्याचं आढळलं होतं. २०१७ साली वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं अशा दुखण्यासाठी 'नोसिप्लास्टिक' हा वेगळा वर्गच मान्य केला. जखमेचं दुखणं वेगळं, नस दबल्याचं दुखणं वेगळं आणि वेदना हाताळणारी यंत्रणाच बदलल्यामुळे होणारं दुखणं वेगळं.

यंत्रणा का बदलते, याचं एक उत्तर नाही. घराण्यात असू शकतं. एखादा अपघात, मोठा संसर्ग, वर्षानुवर्षांचा ताण, बाळंतपणानंतरची सततची जागरणं यांतून सुरुवात झालेली दिसते. झोपेचा वाटा तर फार मोठा. १९७५ साली कॅनडात हार्वी मोल्डोफ्स्की यांनी निरोगी स्वयंसेवकांना झोपू दिलं, पण गाढ झोप लागली की आवाज करून ती मोडली. काही रात्रींतच त्या धडधाकट माणसांचं अंग दुखू लागलं, स्नायू दाबले की कळ येऊ लागली. पुन्हा नीट झोपू दिल्यावर ते बरे झाले. झोप नाही म्हणून दुखतं आणि दुखतं म्हणून झोप नाही, असा हा फेरा आहे. स्वतःची काळजी घेण्याचं पुढचं बरंचसं काम हा फेरा कुठून तोडायचा, याबद्दलच असतं.

आधी खात्री करून घ्या

फायब्रोमायल्जिया दाखवणारी रक्ताची तपासणी नाही. १९९० साली अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांनी अंगावरच्या १८ ठरावीक जागा दाबून ११ ठिकाणी कळ आली तर निदान करावं, असा नियम घातला होता. २०१० साली तो मागे पडला आणि २०१६ साली सुधारलेले निकष आले. आता डॉक्टर शरीराच्या १९ भागांपैकी कुठं कुठं दुखतं, थकवा किती, झोप कशी, लक्ष लागतं का, हे विचारून गुण मांडतात. त्यामुळे सरकारी दवाखान्यातला डॉक्टरही, वेळ दिला तर, हे निदान करू शकतो.

तपासण्या लागतात त्या दुसरं काही नाही ना हे बघण्यासाठी. विदर्भात ही काळजी जास्तच घ्यावी लागते. सिकलसेल हा आपल्याकडचा मोठा आजार आहे आणि त्यात हाडं-सांधे असह्य दुखतात. घरात कोणाला असेल तर तपासणी चुकवू नये. चिकुनगुन्यानंतर महिनोन् महिने सांधे धरलेले राहतात, हे २००६ च्या साथीपासून इथल्या घराघरांनी पाहिलं आहे. रक्त कमी असणं, थायरॉइड मंदावणं, ड जीवनसत्त्व किंवा बी-१२ कमी पडणं यांतही अंग मोडून येतं, आणि यांवर सोपे उपाय आहेत. सांधा सुजलेला आणि गरम असेल, ताप येत असेल, वजन उतरत असेल, एका हातात किंवा पायात जोर कमी झाला असेल, लघवी-संडासवरचा ताबा सुटत असेल, तर फायब्रोमायल्जियाच्या नावावर टाकून गप्प बसू नका. छातीत नव्यानं दुखू लागलं तरी तसंच. आणि एक लक्षात ठेवायचं: संधिवात आणि फायब्रोमायल्जिया एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. २०१६ चे निकष हे स्पष्ट सांगतात.

एकदा खात्री झाली, की मात्र तपासण्यांचा फेरा थांबवावा. दर सहा महिन्यांनी नवा एमआरआय काढून हाती काही लागत नाही. हातची रक्कम जाते आणि "या वेळी तरी काही सापडेल" ही आशा प्रत्येक वेळी मोडते.

आपल्या राज्यात या विषयावर मोठं काम झालं ते पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या 'कॉपकॉर्ड' उपक्रमाखाली डॉ. अरविंद चोपडा यांनी १९९६ पासून तिथं घरोघर जाऊन पाहणी केली. सुमारे १८ टक्के प्रौढांनी हाडं-सांधे-स्नायूंचं दुखणं सांगितलं. रुमॅटॉइड संधिवाताचे रुग्ण एकूण प्रौढांत हजारी पाचच्या आसपास होते. दुखणं सांगणाऱ्या बाकीच्यांत गुडघे-मणक्यांची झीज होती, आणि ज्याला ठरावीक सांध्याच्या आजाराचं नाव देता येत नाही अशा मऊ भागांच्या दुखण्याचा वाटा मोठा होता. म्हणजे खेड्यातल्या अंगदुखीचा बराच भाग औषधाच्या दुकानात सुटणारा नाही. लोकांना समजावून सांगणं हा या उपक्रमाच्या रचनेतच ठेवलेला टप्पा आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

समजणं हाच पहिला उपचार

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात परिचारिका आणि संशोधक केट लोरिग यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस संधिवाताच्या रुग्णांसाठी वर्ग सुरू केले. आठवड्यातून एकदा दोन तास, असे सहा आठवडे. शिकवणारी माणसं डॉक्टर नव्हती. पुष्कळदा ती स्वतः रुग्णच होती. रुग्ण शिकले, दुखणं कमी झालं. पण तपासून पाहिलं तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट दिसली. कोणी किती व्यायाम केला यापेक्षा "माझ्या दुखण्यावर माझा काही ताबा आहे" असं कोणाला किती वाटू लागलं, याच्याशी सुधारणेचं नातं जास्त जवळचं होतं.

नुसतं ऐकून मात्र भागत नाही. २००७ साली अमेरिकेत फायब्रोमायल्जिया असलेल्या २०७ स्त्रियांचे गट करून चालणं, ताकदीचे साधे व्यायाम आणि स्वतःची काळजी घेण्याचे धडे वेगवेगळे आणि एकत्र देऊन पाहिले. व्यायामानं रोजची कामं सुधारली, आणि व्यायामाला धड्यांची जोड मिळाली तिथं फायदा आणखी वाढला. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१६ साली सगळे पुरावे चाळून ज्या सूचना केल्या, त्यांतही सुरुवात रुग्णाला समजावून सांगण्यापासून आहे. आणि ठाम शिफारस एकाच उपायाला आहे: व्यायामाला. कुठल्याही गोळीला ती मिळालेली नाही.

"अंग हलवायची सोय नाही अन् व्यायाम कुठला?" हा आक्षेप रास्त आहे. शिवाय शेतात राबणाऱ्या बाईला व्यायाम सांगणं अनेकांना चेष्टेसारखं वाटतं. पण वाकून केलेलं निंदण आणि ताठ उभं राहून, हात मोकळे सोडून, श्वासाच्या लयीत चालणं ही शरीराच्या दृष्टीनं वेगळी कामं आहेत. निंदणात तेच स्नायू तासन् तास आवळलेले राहतात. चालण्यात ते आळीपाळीनं आवळतात आणि सुटतात. त्यामुळे सुरुवात पाच मिनिटांच्या चालण्यानं करावी, तीही चांगल्या दिवशी जमतं त्याच्या निम्मी. आठवडाभर तेवढंच. मग मिनिटभर वाढवावं. पहिले काही दिवस दुखणं थोडं वाढतं, ते इजेचं लक्षण नाही. दोन दिवसांनंतरही वाढलेलं राहिलं तर आपण जास्त केलं असं समजून एक पायरी खाली यावं, बंद करू नये. फरक दिसायला दीड-दोन महिने लागतात, कधी तीन. वैशाखात इथला पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा चालणं उजाडतानाच उरकावं. थंडीत उलट, ऊन अंगावर आल्यावर निघावं. गुडघे साथ देत नसतील तर खाटेच्या कडेवर बसून उठणं, भिंतीला हात टेकून टाचा उचलणं एवढ्यानंही सुरुवात होते. सावंगी-सेवाग्रामच्या फिजिओथेरपी विभागात एकदा जाऊन आपल्यापुरते व्यायाम बसवून घेतले, तर पुढचं घरी करता येतं.

वेचणीच्या दिवसांत

या आजारातली सर्वांत खर्चिक सवय एकच आहे: बरं वाटलं त्या दिवशी सगळं उरकून घेणं. कधी नव्हे ते अंग हलकं वाटतं म्हणून बाई गोधड्या धुते, दळण निवडते, अंगण सारवते आणि वर शेतातही जाते. पुढचे तीन दिवस अंथरुणात. तिसऱ्या दिवशी अपराधी वाटतं, मग चौथ्या दिवशी पुन्हा तेच. दर फेऱ्यात जागल्या आणखी बिथरतो.

उपाय असा की काम दुखण्यावर ठरवायचं नाही, वेळेवर ठरवायचं. चांगल्या आणि वाईट दोन्ही दिवशी झेपेल एवढं माप शोधा. समजा उभ्यानं वीस मिनिटं काम झेपतं, तर पंधराव्या मिनिटाला थांबा, न दुखता थांबा, पाच मिनिटं बसा, मग दुसऱ्या प्रकारचं काम घ्या. दुखू लागल्यावर थांबलं तर उशीर झालेला असतो.

कापसाच्या वेचणीत हे अवघड जातं, हे मी मान्य करते. मजुरी किलोवर मिळते, बाकीच्या बाया पुढं निघून जातात आणि पाठीमागं राहिलेल्या पातीकडे सगळ्यांचं लक्ष जातं. तरी काही गोष्टी शक्य आहेत. कमरेची ओटी पूर्ण भरू न देता अर्ध्यावर रिकामी करावी. खांदे-कमरेवरचं ओझं तेवढंच हलकं होतं. प्रत्येक पातीच्या टोकाला सरळ उभं राहून खांदे मागे घ्यावेत आणि चार-पाच सावकाश श्वास घ्यावेत. सोबतच्या दोघींना आजाराबद्दल सांगून ठेवावं. घरची शेती असेल तर सलग आठ तासांऐवजी सकाळ-संध्याकाळ असं वाटून घ्यावं. घरात भाजी चिरणं, कणीक मळणं बसून करावं, पाण्याची घागर अर्धी भरावी, धुणं दोन दिवसांत वाटावं. हे आळशीपण नाही. महिन्याच्या शेवटी हिशेब केला तर अशा बाईचं एकूण काम जास्तच भरतं, कारण अंथरुणातले दिवस कमी होतात.

भाद्रपदाची तयारी वेगळी करावी लागते. सिंदीचा तान्हा पोळा विदर्भात नावाजलेला. घराघरात पाहुणे येतात. तो होत नाही तोच महालक्ष्म्या येतात, पुरण, सोळा भाज्या, सोवळं आणि पंगत. दुखणं उसळी मारण्यासाठी याहून पक्का मुहूर्त नाही. तेव्हा सणाच्या आधीच्या आठवड्यात घरातल्यांसमोर कामांची वाटणी करावी, निवडणं-दळणं आधी उरकावं आणि सणानंतरचे दोन दिवस मुद्दाम रिकामे ठेवावेत. महालक्ष्म्यांच्या कामाला पुरुषांचे हात लागले म्हणून देवी रागावत नाही.

इतकं करूनही दुखणं उसळेल. त्या दोन-तीन दिवसांचा बेत आधीच ठरलेला असावा: काम निम्मं करायचं पण शून्यावर आणायचं नाही, कोमट पाण्यानं अंघोळ, शेक, घरातल्या घरात थोडं चालणं, लवकर झोप. सलाइन लावून घ्यायला धावू नये. सलाइनच्या बाटलीत थोडं मीठ, थोडी साखर आणि पाणी असतं. फायब्रोमायल्जियावर त्यात काही नाही.

झोप, खर्रा आणि मनावरचा ताण

झोपायची वेळ आपल्या हातात नसते, उठायची मात्र ठेवता येते. रात्र कशीही गेली तरी सकाळी त्याच वेळी उठणं हा झोप सुधारण्याचा सर्वांत पक्का मार्ग आहे. दुपारी डुलकी अर्ध्या तासाच्या आत. चार वाजेनंतर चहा नको. शेतीपंपाची वीज रात्रपाळीत असली की नवरा ओलिताला जातो आणि बायको त्याची वाट बघत जागी राहते. अशा आठवड्यात जागणं घरातल्या मोठ्यांनी वाटून घ्यावं. जोरात घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं असेल तर डॉक्टरांना सांगावं, तो वेगळा आणि उपचार होणारा आजार आहे.

खर्ऱ्याबद्दल स्पष्टच बोलायला हवं. खर्रा असो, गुडाखू असो, दोन्हींत तंबाखू आहे आणि तंबाखूतलं निकोटीन मज्जासंस्थेला चाळवतं. "यानं थकवा जाते" असं वाटतं ते घटकाभर. रात्रीची गाढ झोप त्यानं पातळ होते, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका तर वेगळाच.

मनाचा विषय निघाला की रुग्ण बिथरतो, कारण "मनाचा आजार" या शब्दांत त्याला "खोटा आजार" ऐकू येतं. काळजी आणि उदासी यांनी दुखणं वाढतं. ती नसली तरी फायब्रोमायल्जिया असू शकतो. पण सोबत असतील तर त्यांच्यावरही उपचार करावे लागतात, नाहीतर बाकीचं काही लागू पडत नाही. दिवसातून दोनदा दहा मिनिटं, पोट फुगेल असा सावकाश श्वास घेऊन दुप्पट वेळात सोडणं ही फुकटची आणि उपयोगी सवय आहे. जगणं नकोसं वाटू लागलं तर टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे.

गोळ्यांबद्दल थोडं

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या सूज उतरवतात. फायब्रोमायल्जियात सूजच नसते, म्हणून त्या फारशा लागू पडत नाहीत. रोज घेतल्या तर जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडं खराब होतात, त्यातही उन्हाळ्यात, शेतात पाणी कमी पिणाऱ्या माणसाची आधी. स्टेरॉइडची सुई घेतली की दोन दिवस बरं वाटतं, पुढं साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. गोळी कोणती आहे हे सांगत नाही अशा माणसाकडून पुड्या घेऊ नयेत.

उपयोगी औषधं वेगळी आहेत. अमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटिन, प्रीगॅबलिन ही त्यांतली मुख्य. पहिली दोन्ही औषधं उदासीवरही देतात, म्हणून मुलगा मोबाइलवर शोधून म्हणतो, "आई, ही तर डिप्रेशनची गोळी." अमिट्रिप्टिलीन उदासीसाठी मोठ्या मात्रेत देतात, इथं रात्री १० ते २५ मिलिग्रॅम एवढंच, वेदनेचे संदेश शांत करून झोप गाढ करण्यासाठी. गुण यायला काही आठवडे जातात. तोंड कोरडं पडणं, सकाळी गुंगी, प्रीगॅबलिननं पायावर सूज किंवा वजन वाढणं, हे त्रास डॉक्टरांना सांगावेत. काचबिंदू, हृदयविकार, लघवी अडकण्याचा त्रास असेल तर औषध सुरू होण्यापूर्वी सांगावं. आणि मनानं एकदम बंद करू नये. सर्वांना ही औषधं लागत नाहीत, आणि ज्यांना लागतात त्यांतही थोड्यांनाच भरपूर फायदा होतो. त्यांचा खरा उपयोग चालणं आणि झोप सुरू करता यावी इतपत दुखणं खाली आणण्याचा.

खास पथ्य असं काही सिद्ध झालेलं नाही. आंबट बंद, वांगं बंद, भात बंद असं करत आधीच अशक्त बाईचं ताट रिकामं करू नये.

नोंद ठेवणं मात्र फार कामाला येतं. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत रोज तीन खुणा पुरेत: झोप बरी की वाईट, चाललं की नाही, दुखणं शून्य ते दहापैकी किती. लिहिता येत नसेल तर नातवाकडून रंगीत ठिपके काढून घ्यावेत. दिवसातून एकदाच, तासातासाला दुखणं मोजलं तर लक्ष तिथंच अडकतं. महिन्यानं तो कागद डॉक्टरांपुढे ठेवला, तर दोन मिनिटांच्या भेटीतही कामाचं बोलणं होतं.

घरच्या माणसांना सांगणं थोडंच आहे. दुखणाऱ्या माणसाला सगळ्या कामांतून उठवून खाटेवर बसवणं आणि "नाटकं करते" म्हणणं, दोन्हींनी आजार वाढतो. "आज किती झेपेल?" असं विचारून तेवढं करू देणं, संध्याकाळी सोबत दहा मिनिटं चालणं आणि तिच्या दुखण्यावर विश्वास ठेवणं, एवढी मदत पुरते.

सेवाग्रामचं वैद्यकीय महाविद्यालय १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी खेड्यासाठी म्हणून उभं केलं, आणि तिथले विद्यार्थी आजही आपल्या अभ्यासकाळात एक गाव दत्तक घेतात. वर्ध्यात गावानं आरोग्याचा विचार एकत्र बसून करण्याची रीत नवी नाही. सिंदीत बचत गट आहेत, आशाताई आहेत, महिन्याची बैठक ठरलेली असते. तिथल्या एका बैठकीत हिशेबानंतरचा तासभर अंगदुखीसाठी काढावा. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना किंवा सावंगीच्या फिजिओथेरपिस्टला बोलवावं. ज्यांचे रिपोर्ट नॉर्मल आणि अंग मात्र दुखतं, अशा बायांनी एकमेकींना ओळखावं आणि आठवड्यातून तीन दिवस पहाटे मिळून चालायला निघावं. आणि डॉक्टरांना माझी विनंती एवढीच आहे, की "तुम्हाला काही नाही" या वाक्याऐवजी रुग्णाला दहा मिनिटं द्या, आजाराचं नाव सांगा, आणि त्यानं सांधे खराब होत नाहीत हे त्याच्या घरच्यांसमोर सांगा.